गेज सात किलो दाखवतो, मग धार पहिल्या मजल्यापर्यंतच का? फायर हायड्रंटमधल्या पाण्याचं गणित

जुळे सोलापुरातल्या एका सात मजली सोसायटीच्या सेक्रेटरींचा प्रश्न आहे. थोडक्यात असा: "आमच्याकडे लाल पाइप, मजल्यामजल्यावर व्हॉल्व्ह, खाली पंप हाउस असं सगळं आहे. पंप हाउसमधला गेज कायम सात किलो दाखवतो. पण ड्रिलच्या दिवशी आवारातल्या हायड्रंटला होज लावून व्हॉल्व्ह उघडला, तर पहिले दोन-तीन सेकंद जोरात धार आली आणि मग ती पहिल्या मजल्याच्या बाल्कनीपलीकडे जाईना. महापालिकेचं पाणी तर काही दिवसांआड येतं. मग हायड्रंटमध्ये पाणी येतं कुठून, ते पुरणार किती वेळ, आणि खरी आग लागली तर बंबवाले याच व्हॉल्व्हला पाइप लावणार का?"

सोलापूर आणि आसपासच्या कारखान्यांत, सोसायट्यांत या यंत्रणा बसवण्याचं आणि सांभाळण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. एक आधीच सांगतो: किलो म्हणजे इथे दाबाचं माप, दर चौरस सेंटिमीटरला किलो, पण पंप हाउसमध्ये उभं राहून एवढं लांबलचक कुणी म्हणत नाही. तुमच्या धारेचं निदान आधी सांगतो, कारण "पहिले दोन-तीन सेकंद जोरात" या शब्दांतच ते आहे.

तुमच्या पंप हाउसमध्ये बहुधा तीन पंप असतील. सगळ्यात लहान तो जॉकी पंप. लाल पाइपात पाणी कायम दाबाखाली ठेवणं एवढंच त्याचं काम. कुठे ग्लँडमधून, म्हणजे दांड्याभोवतीच्या पॅकिंगमधून, थेंब-थेंब गळलं, दाब थोडा उतरला, की हा आपोआप सुरू होतो, दाब भरतो आणि बंद पडतो. दुसरा मेन पंप, विजेवर चालणारा, मोठा. तिसरा डिझेलवरचा, वीज नसेल तेव्हासाठी. तिघांना वेगवेगळे प्रेशर स्विच असतात. उदाहरणार्थ, जॉकी सहाला सुरू आणि सातला बंद, मेन पाचला सुरू, तरीही दाब उतरतच राहिला तर डिझेल चारला सुरू. आकडे प्रत्येक इमारतीचे निराळे, पण उतरंड हीच.

आता व्हॉल्व्ह उघडल्यावर काय झालं ते बघा. पाइपात कोंडलेला दाब दोन-तीन सेकंदांत निघून गेला, ती तुमची जोरदार धार. त्यानंतर मेन पंपानं उचलायला हवं होतं. तो उठला नाही, डिझेलही उठला नाही. राहिला एकटा जॉकी. सोसायट्यांतला जॉकी मिनिटाला दीडशे-दोनशे लिटर पाणी देतो. ते पाणी तुम्ही वीस मिलिमीटरच्या नोझलमधून सोडलंत, तर नोझलपाशी दाब राहतो जेमतेम अर्धा किलो. अर्धा किलोवर पाणी फार तर पाच मीटर चढतं, म्हणजे पहिल्या मजल्याची बाल्कनी. तुम्ही पाहिलंत ते बरोबर हेच.

मेन पंप का उठला नाही? माझा अंदाज, पॅनेलवरचा सिलेक्टर स्विच ऑटोऐवजी मॅन्युअलवर किंवा ऑफवर आहे. दहातल्या बऱ्याच ठिकाणी तो तसाच सापडतो आणि त्याला कारणही आहे. मेन पंप एकदा सुरू झाला की आपोआप बंद होत नाही, हातानंच बंद करावा लागतो. नियमच तसा आहे आणि योग्य आहे, कारण आगीच्या ऐन मध्यात पंपानं स्वतःहून थांबायचं नसतं. पण रात्री कुठेतरी गळती झाली, पंप धडधडायला लागला, वॉचमनची झोपमोड झाली, की दुसऱ्या दिवशी कुणीतरी तो स्विच मॅन्युअलवर फिरवतो. गळती कुणी काढत नाही. जॉकी गेजवर सात दाखवत राहतो, आणि सगळे निवांत.



यातली महत्त्वाची गोष्ट अशी की दाब वेगळा आणि पाण्याची मात्रा वेगळी. पाणी थांबलेलं असताना दिसणारा दाब मात्रेबद्दल काहीच सांगत नाही. वाटेतला एखादा व्हॉल्व्ह जवळजवळ बंद असेल, चाकाला अर्धा आटाच उघडा असेल, तरी पाणी वाहत नाही तोवर त्याच्या पुढेही गेज पूर्ण सातच दाखवेल. उघडलंत की कोसळेल. म्हणून गेजचा फोटो काढून "प्रेशर ओके" असा शेरा मारणाऱ्या माणसाला मी तपासणी करणारा मानत नाही. पाणी वाहत असताना किती दाब उरतो, त्यावर सगळं ठरतं.

थोडं गणित, फार नाही. नोझलमधून मिनिटाला किती लिटर पाणी जातं, याचं साधं सूत्र आहे: नोझलच्या व्यासाचा मिलिमीटरमधला वर्ग, गुणिले दाबाचं वर्गमूळ, गुणिले ०.६७. वीसचं नोझल आणि साडेतीन किलो दाब धरला तर मिनिटाला पाचशे लिटर येतात. साडेतीन किलो हाच आकडा आपल्याकडे सगळ्यात लांबच्या, सगळ्यात उंचावरच्या हायड्रंटवर मिळावा अशी अपेक्षा असते. एक किलो दाबाला तेच नोझल पावणेतीनशेच्या आत येतं. म्हणजे मात्रा दाबाइतकी घटत नाही, पण फेक संपते, धार आगीपर्यंत पोचतच नाही.

साडेतीन किलोवरची ती धार हातात धरणाऱ्याला मागे किती रेटते? सुमारे बावीस किलो. म्हणून नोझलवर दोन माणसं लागतात. ड्रिलच्या वेळी पॅनेल खरंच ऑटोवर असतं आणि एकट्या वॉचमनच्या हातात नोझल असतं, तर प्रसंग निराळाच झाला असता. पुढच्या वेळी हे लक्षात ठेवा: आधी दोघांनी नोझल घट्ट धरायचं, एक पाय पुढे, आणि मगच तिसऱ्यानं व्हॉल्व्ह हळूहळू उघडायचा. बंदही हळूच. वाहतं पाणी झटक्यात अडवलं की पाइपात हातोडा बसावा तसा दणका बसतो आणि जुनी फ्लँज, म्हणजे पाइपांचा बोल्ट लावलेला जोड, गळायला लागते.

आता पाणी कुठून येतं ते.

सोलापूर शहराचं पाणी मुख्यतः उजनीचं. शंभर किलोमीटरहून जास्त लांबून जलवाहिनीनं येतं, शिवाय टाकळीला भीमेतून उचललेलं आणि हिप्परगा तलावाचं. हे तुम्हाला मी सांगायला नको. पण आगीच्या दृष्टीनं त्याचा अर्थ असा की गल्लीतल्या नळाच्या लायनीत बहुतेक वेळ पाणीच नसतं. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी घरोघरी मोटारी लावून ते खेचलं जातं, त्यामुळे लायनीत दाब जवळजवळ शून्य. अशा लायनीवर रस्त्याकडेला हायड्रंट बसवला तर उघडल्यावर आधी हवा फुसकारेल. त्यामुळे "महापालिकेचं पाणी येत नसताना हायड्रंट चालेल का" या तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं: तुमच्या हायड्रंटचा महापालिकेच्या लायनीशी थेट संबंधच नाही. त्याचं पाणी तुमच्याच आवारातल्या, जमिनीखालच्या फायर टाकीतलं. पंप तुमचा, पाइप तुमचा, डिझेल तुमचं. महापालिका फार तर ती टाकी भरते, आणि बऱ्याच ठिकाणी तेही टँकरवालाच करतो.

सिनेमात दिसतं ते वेगळं. अमेरिकेत फुटपाथवर उभा असलेला हायड्रंट थेट शहराच्या नळ-लायनीवर असतो आणि ती लायन चोवीस तास दाबाखाली असते. तरीही आगीवर जाणारा जोर हायड्रंटचा नसतो. हायड्रंट मात्रा पुरवतो, जोर गाडीवरचा पंप देतो. थंड प्रदेशात पाणी गोठू नये म्हणून त्यांचा मुख्य व्हॉल्व्ह जमिनीत खोल असतो आणि वरचा खांब रिकामा. गाडीनं ठोकर दिली तरी तिथे कारंजं उडत नाही. सिनेमातलं कारंजं कॅलिफोर्नियासारख्या उबदार भागातल्या, खांबापर्यंत पाणी भरलेल्या हायड्रंटचं. त्यांची एक पद्धत मात्र मला आवडते: हायड्रंटची टोपी ज्या रंगाची, त्यावरून तो किती पाणी देतो ते कळतं. मिनिटाला पंधराशे गॅलन किंवा जास्त असेल तर निळा, त्याखाली हिरवा, मग नारिंगी, आणि पाचशेच्या आत असेल तर लाल. गॅलन त्यांचा, सुमारे पावणेचार लिटरचा. आपल्याकडे सगळंच लाल, त्यामुळे रंगावरून काही कळत नाही.

शहराच्या उंच टाकीचाही हिशेब सांगून ठेवतो, कारण "आमच्या शेजारीच पाण्याची टाकी आहे" असं बरेच जण समाधानानं सांगतात. दहा मीटर उंचीचं पाणी म्हणजे साधारण एक किलो दाब. वीस मीटर उंच टाकी तुम्हाला पायथ्याशी दोन किलो देईल, तेही पाणी थांबलेलं असताना. तुमचा सातवा मजलाच बावीस-तेवीस मीटरवर आहे. त्या टाकीचा उपयोग बंब भरून घ्यायला, आणि तो उपयोग मोठा आहे. थेट आग विझवायला नाही.

हाच हिशेब तुमच्या गच्चीवरच्या टाकीलाही लागतो. काही इमारतींत पंप हाउस नसतं, गच्चीवरच्या टाकीतून लाल पाइप खाली सोडलेला असतो. त्याला डाउनकमर म्हणतात. यात तळमजल्याला बरा दाब मिळतो आणि सगळ्यात वरच्या मजल्याला जवळजवळ काहीच नाही, कारण टाकी डोक्यावर दोन-तीन मीटरच असते. म्हणून गच्चीवर एक बूस्टर पंप लागतो. तो जळाला आणि बदलायचा राहिला, तर पहिल्या मजल्यावर टेस्ट छान होते आणि वरच्या मजल्यावर घमेलंभर पाणी पडतं. टेस्ट कुठे केली हे विचारल्याशिवाय कुठल्याही रिपोर्टवर विश्वास ठेवू नका.

किती वेळ पुरेल? तुमची फायर टाकी समजा पन्नास हजार लिटरची आहे आणि दोन नोझल पूर्ण जोरात चालू आहेत. मिनिटाला हजार लिटर, म्हणजे पन्नास मिनिटं. मेन पंप मिनिटाला २२८० लिटरचा असेल आणि तो पूर्ण क्षमतेनं ओढला, तर बावीस मिनिटं. हे कमी वाटेल, पण बंबाशी तुलना करा. साडेचार हजार लिटरचा बंब त्याच दोन नोझलांवर साडेचार मिनिटांत रिकामा होतो. दहा हजारांचा टँकर दहा मिनिटांत. टँकर जाऊन, भरून, परत यायला चाळीस मिनिटं धरली, तर फक्त दोन धारा अखंड चालू ठेवायला पाच टँकर पाहिजेत: एक रिकामा होत असताना चार फेरीवर. अक्कलकोट रोडला ट्रकांच्या गर्दीत चाळीस मिनिटं म्हणजे नशीबच. त्यामुळे इमारतीतलं स्वतःचं पाणी ही चैन नाही. पहिला अर्धा तास तेच पाणी.

तलावातून का घेत नाहीत, असंही विचारलं जातं. शहराच्या मधोमध सिद्धेश्वर तलाव, विजापूर रोडला कंबर तलाव. घेता येतं. पण पंप पाणी ओढतो म्हणजे खरं तर आतली हवा काढतो आणि बाहेरची हवा पाणी वर ढकलते, नळीनं नारळपाणी प्यावं तसं. बाहेरच्या हवेचा जोर मर्यादित आहे. पुस्तकात दहा मीटर, प्रत्यक्षात सात-साडेसात मीटरच्या खाली पाणी असेल तर कितीही मोठा पंप लावा, ते वर येत नाही. पेठांतल्या जुन्या विहिरींचं पाणी उन्हाळ्यात त्याहून खाली जातं. तलावाला काठापर्यंत जड गाडी नेता येईल असा घट्ट रस्ता पाहिजे, आणि गाळ, जलपर्णी, प्लास्टिक गाळणीत अडकतं ते वेगळंच. शेवटी जवळच्या जलकुंभावर गाडी भरून आणणं सोपं पडतं.

आता बंबवाल्यांचा प्रश्न. हो, ते तुमच्या व्हॉल्व्हला पाइप लावतील. आत शिरलेल्या जवानांना तळापासून सातव्या मजल्यापर्यंत होज ओढत नेण्यापेक्षा सहाव्या मजल्याच्या व्हॉल्व्हला जोडून वर जाणं कधीही बरं. व्हॉल्व्हचं तोंड त्रेसष्ट मिलिमीटरचं, आणि ते कपलिंग देशभर सारखंच असतं: ढकललं की खट्कन बसतं, दोन्ही बाजूंचे कान ओढले की सुटतं. फक्त आत रबरी वॉशर पाहिजे. नसेल तर जोडातूनच फवारा उडतो आणि पुढे दाब जात नाही. वॉशर वाळून तडकलेले असतात, किंवा नसतातच. किंमत किरकोळ. तोंडाची टोपी आणि नोझल गनमेटलचं असलं तर ते भंगारात चांगल्या भावानं जातं, म्हणून हायड्रंटची पेटी एकदा उघडून बघा. आत होज आहे की झाडू, कुंड्या आणि दिवाळीतले आकाशकंदील आहेत, ते कळेल.

पण बंबवाल्यांना तुमच्याकडून सर्वात उपयोगी पडते ती गेटजवळची चार तोंडांची जोडणी. फायर सर्व्हिस इनलेट म्हणतात तिला. तुमचे तिन्ही पंप बंद पडले, टाकी संपली, तरी बंब आपल्या पंपानं या तोंडांतून तुमच्या लाल पाइपात पाणी दाबतो आणि सातव्या मजल्यावरचा व्हॉल्व्ह पुन्हा जिवंत होतो. आतल्या बाजूला एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेनं जाऊ देणारा व्हॉल्व्ह असतो, पाणी उलटं बाहेर येऊ नये म्हणून. तो उलटा बसवलेला मी पाहिलाय. मग बंबानं कितीही दाबलं तरी आत थेंब जात नाही. शेजारी बहुधा टाकीतून पाणी ओढण्यासाठी शंभर मिलिमीटरची जोडणीही असेल. दोन्हींच्या समोर सोसायटीनं पार्किंगचे पट्टे मारलेत का, ते बघा. जुळे सोलापुरात हे जागोजागी दिसतं.

कारखान्यांची गोष्ट वेगळी आणि जास्त गंभीर. १८ मे २०२५ ला अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. त्या घटनेच्या कारणांवर मी बोलणार नाही. पण टॉवेल, चादर, सूत यांच्या आगीचा पाण्याशी संबंध काय, हे इथल्या प्रत्येक कारखानदाराला माहीत असावं.

एक लिटर पाणी नेहमीच्या तापमानापासून पूर्ण वाफ होईपर्यंत सुमारे २.६ मेगाज्यूल उष्णता शोषतं. एक किलो कापूस जळताना सोळा-सतरा मेगाज्यूल बाहेर टाकतो. म्हणजे किलोभर कापसाची उष्णता शोषायला कागदावर सहा-सात लिटर पाणी पुरतं. प्रत्यक्षात त्यातलं बरंच पाणी वाफ न होताच जमिनीवरून वाहून जातं, म्हणून कितीतरी जास्त लागतं. त्यात सुताचा गठ्ठा वरून भिजतो आणि आतून धुमसत राहतो. दोन तासांनी "विझली" म्हणून सोडलेली आग पहाटे पुन्हा पेटते. गठ्ठे बाहेर ओढून, फोडून, आतपर्यंत भिजवावे लागतात. मागावरचं, छताच्या ट्रसवर साठलेलं तंतूंचं पीस तर झटक्यात पेट घेत पलीकडच्या टोकाला पोचतं; तिथे होज उलगडायलाही वेळ मिळत नाही. तिथे स्प्रिंकलर, म्हणजे छतावरून आपोआप पाणी फवारणारी यंत्रणा लागते, आणि त्याहून आधी आठवड्याला ट्रस झाडणारा माणूस.

आवारातला हायड्रंट शेडच्या भिंतीपासून निदान दोन मीटर लांब हवा. भिंत कोसळली किंवा तापली तर तिथे उभं राहता आलं पाहिजे. आणि त्याच्याभोवती तयार मालाची बाचकी रचायची नाहीत. मालक मंडळी म्हणतात, जागा कुठंय? खरंय, जागा नाही. पण मग तो हायड्रंट नुसता कागदावरचा.

विजेचा मुद्दा कारखाना आणि सोसायटी दोघांनाही सारखाच. आग लागली की पहिलं काम मेन स्विच पाडणं, कारण विजेच्या तारांवर पाणी मारायचं नसतं. फायर पंपाची केबल त्याच मेन स्विचच्या पुढून घेतली असेल, तर स्विच पाडताच पंपही मेला. ती केबल मेन स्विचच्या आधीपासून, स्वतंत्र घ्यावी लागते. अगदी शहाण्या इलेक्ट्रिकल कंत्राटदारानं केलेल्या कामातही ही चूक असते, कारण त्याला ते "आणखी एक लोड" एवढंच दिसतं. तपासणं सोपं आहे: दुपारी सगळ्यांना सांगून इमारतीचा मेन स्विच पाडा आणि पंप सुरू होतो का बघा. नाही झाला तर डिझेल उठतो का बघा. डिझेल पंप बहुतेक वेळा बॅटरीपायी फसतो. इंजिन ठणठणीत, बॅटरी मेलेली. आठवड्यातून एकदा तो चालवला तर हा प्रश्न येत नाही.

आणखी एक विजेचीच भानगड. ट्रान्सफॉर्मरवर किंवा केबलवर काम झालं आणि जोडताना दोन फेज अदलाबदल झाले, तर तीन फेजची मोटार उलटी फिरते. उलटा फिरणारा सेंट्रिफ्युगल पंप अगदीच गप्प बसत नाही, थोडं पाणी आणि थोडा दाब देतो, त्यामुळे चटकन कळत नाही. तुमचा मेन पंप ऑटोवर असूनही धार मरतुकडी असेल, तर पंपाच्या अंगावरचा बाण आणि पंखा फिरण्याची दिशा जुळते का ते पाहा.

पाइपाच्या जाडीबद्दल एकच सांगतो. तेवढंच पाणी अर्ध्या व्यासाच्या पाइपातून न्यायचं तर घर्षणात जाणारा दाब दुप्पट नाही, जवळजवळ बत्तीस पट होतो. आत क्षार आणि गंज साठला की शंभरचा पाइप शंभरचा राहत नाही. बोअरचं पाणी भरणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, आपल्याकडचं बोअरचं पाणी किती जड आहे ते बादलीवरच्या पांढऱ्या थरावरून दिसतंच. मोठ्या आवारात पाइप इमारतीभोवती कडं करून फिरवतात तेही याच कारणानं. पाणी दोन्ही बाजूंनी आलं की प्रत्येक बाजूला निम्मंच वाहतं, आणि घर्षणातली हानी चौथ्या हिश्शावर येते.

मग खरी टेस्ट कशी करायची? सगळ्यात लांबचा आणि सगळ्यात वरचा व्हॉल्व्ह निवडा. गच्चीवरचा असेल तर उत्तम. पॅनेल ऑटोवर ठेवा, कुणीही पंपाला हात लावायचा नाही. फायर टाकीच्या आतल्या भिंतीवर पाण्याच्या पातळीला खडूनं रेघ मारा. पाच मिनिटं एक नोझल चालवा, मग पुन्हा रेघ. टाकी आतून पाच मीटर बाय चार मीटर असेल, तर दर पाच सेंटिमीटरला हजार लिटर. पाच मिनिटांत पातळी साडेबारा सेंटिमीटर उतरली तर अडीच हजार लिटर गेलं, म्हणजे मिनिटाला पाचशे, यंत्रणा ठीक. चार-पाच सेंटिमीटरच उतरली तर जॉकीच चालतोय. टाकीला भरणारा नळ त्या वेळात बंद ठेवा, नाहीतर हिशेब फसेल. ही टेस्ट करायला महागडं उपकरण लागत नाही, आणि करताना समोर उभ्या असलेल्या तपासणी एजन्सीच्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

कायद्याचंही सांगतो. महाराष्ट्रात २००६ चा आग प्रतिबंधक कायदा आहे. त्यानुसार यंत्रणा चालू ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा वापरणाऱ्याची, म्हणजे तुमच्या बाबतीत सोसायटीची. दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक एजन्सीकडून फॉर्म बी, म्हणजे यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला घ्यावा लागतो. फॉर्मवर सही करण्याआधी एजन्सीच्या माणसाला गच्चीवर न्या आणि आत्ता सांगितलेली टेस्ट समोर करून घ्या.

पाणी वाया जाईल म्हणून टेस्ट टाळू नका, असं मी म्हटलं की सोलापुरात लोक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात. चार दिवसांनी पाणी येणार आणि हा माणूस अडीच हजार लिटर गच्चीवरून उडवायला सांगतोय! म्हणून त्यातलं पहिलं, गंजाळ पाणी झाडांना सोडा आणि पुढचं पाणी आधी धुवून-पुसून घेतलेल्या होजनं वापराच्या टाकीत वळवा, फक्त पिण्यासाठी नको. फायर टाकीतलं पाणी अधूनमधून बदललं पाहिजेच. चांगल्या डिझाइनमध्ये येणारं पाणी आधी फायर टाकीत पडतं आणि ती भरून वाहिल्यावरच वापराच्या टाकीत जातं. असं असेल तर पाणी शिळं होत नाही आणि आगीचा साठा कधी कमी होत नाही. उलट जोडणी असेल, म्हणजे वापराची टाकी आधी आणि फायर टाकी उरलंसुरलं घेणारी, तर एप्रिल-मे महिन्यात ती कोरडी असण्याची शक्यता जास्त. आणि आग लागते तीही उन्हाळ्यातच.

टंचाईत फायर टाकीतलं पाणी वापरू का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण सोसायटीच्या मीटिंगमध्ये कुणीतरी विचारणारच. वापराच्या पंपाचा सक्शन पाइप, म्हणजे पाणी ओढणारा पाइप, फायर टाकीत सोडलेला नाही ना, एवढं बघा. एकच टाकी दोन्हींसाठी असेल, तर वापराचा सक्शन वरच्या पातळीवर आणि फायर पंपाचा तळाशी पाहिजे. मग नळ कोरडे पडले तरी खालचा साठा शाबूत राहतो. काही ठिकाणी प्लंबरनं टंचाईच्या वेळी "तात्पुरता" म्हणून पाइप खाली वाढवून दिलेला असतो आणि तो तसाच राहतो.

सुरुवात पॅनेलपासून करा. सिलेक्टर स्विच कुठे आहे, प्रेशर स्विचवरचे आकडे काय, डिझेलची बॅटरी किती व्होल्ट दाखवते, हे बघून कळवा. तिन्ही ठीक असूनही धार बाल्कनीपाशीच थांबली, तर पंप हाउसमधून बाहेर पडणाऱ्या पाइपावरचा बटरफ्लाय व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आहे का ते पाहा. त्याचा दांडा पाइपाला समांतर पाहिजे.